खांबेट्यांच्या पोराचं मत

फोनवर सुपारी कातरल्याचा आवाज आला आणि मालिनीला हायसं वाटलं. म्हणजे काका घरीच होते!

हेमचंद्र खांबेटे म्हणजे तिचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक. सांगलीची बँकेतली नोकरी सोडून मालिनी न्यू जर्सीला आपल्या सुनेत्राताईकडे आली, तेव्हा १९८६ साल उजाडलं होतं. इथे एका लहानशा कंपनीत ती फोनवरून लोकांची मतं गोळा करायची. मतं तरी कसली, तर आपल्यासारख्या विकसनशील देशांत धंदा करणं सोपं आहे का, बँका माणसाला माणूस म्हणून वागवतात का, संप करावा की करू नये... कुठल्याशा विद्यापीठाला ही उठाठेव हवी होती. इथल्या भारतीयांना त्यांच्या त्यांच्या भाषेत विचारायचं आणि ठरलेल्या पाचांपैकी एक उत्तर घ्यायचं. अगदी सहमत, थोडं सहमत, थोडं असहमत, अगदी असहमत, सांगता येत नाही. स्वतःचं मत मात्र चुकूनही बोलायचं नाही. दर तीन महिन्यांनी तीच माणसं, तेच प्रश्न. लोक वैतागायचे, पण काका वाट बघत बसायचे.

प्रश्न संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार असे. "अगदी असहमत. आणि का, ते ऐक." मग अर्धा तास ते एकटेच बोलत! गरज नसलेल्याच्या दारी बँक स्वतः जाते आणि गरजवंताला दारात उभं करत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तरुणपणी साताऱ्याला पंपांचा कारखाना काढायचा म्हणून त्यांनी कर्ज मागितलं होतं. मॅनेजरने चपला झिजवायला लावून शेवटी नाही म्हटलं, आणि त्याच रागात काका अमेरिकेला आले. बोलता बोलता अडकित्ता चालू असायचा. खट्... खट्...

आज मात्र काका उत्तरच देईनात. आवाज तर असा, की कुणी विहिरीत वाकून बोलतंय.

"काका, पहिला प्रश्न पुन्हा वाचू का?"

खट्.

"आज माझं राहू दे, पोरी. माझी मतं बोलून झाली. वीस वर्षं सगळ्यांना ऐकवली." खट्. "पोराचं घे."

तिने सांगायचा प्रयत्न केला, की एका घरातून एकाच माणसाचं मत घ्यायचं असा नियम आहे. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "घे म्हणतो ना. त्याला कधी कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा." आणि त्यांनी दुसरा नंबर सांगितला. कागद हाताशी नव्हता म्हणून मालिनीने तो तळहातावरच लिहिला. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. नुसता अडकित्ता वाजत राहिला, मग तोही थांबला.

ऑफिसच्या खिडकीबाहेर तारेवर एक कावळा बसला होता. न्यू जर्सीतले कावळे चांगले धष्टपुष्ट, काळेकुळकुळीत. पण हा तिच्याकडेच बघत होता, आणि तिने पडदा ओढला तरी त्याची सावली पडद्यावरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तो नंबर फिरवला. पलीकडून आलेला आवाज ऐकून ती क्षणभर गोंधळली, कारण तो काकांचाच होता, फक्त तीस वर्षांनी तरुण.

आपण कोण, कुठून बोलतोय ते तिने रीतसर सांगितलं. तुमच्या वडिलांनी काल हा नंबर दिला, तुमचं मत घ्यायला सांगितलंय, असंही सांगितलं.

"इज धिस सम काइंड ऑफ जोक?" तो म्हणाला. "बाबांना जाऊन महिना होत आला."

आणि फोन आपटला.

मालिनीने तळहाताकडे पाहिलं. बाजूच्या टेबलावरची मुलगी हसत कुणाला तरी साबणाबद्दल विचारत होती, आणि इथे हिच्या तळहातावर मेलेल्या माणसाने सांगितलेला नंबर! आंघोळ करूनही तो नीट निघाला नव्हता. पाच-दहा मिनिटांत फोन वाजला. तोच होता, विनय खांबेटे. आधी सॉरी म्हणाला. मग हळूच विचारलं, की काल तिने कुठला नंबर फिरवला होता. तिने सांगितला.

"ती बेसमेंटमधली लाइन. बाबांची स्वतःची. ती मीच डिसकनेक्ट केली, माझ्या हातांनी. मी फोन कंपनीतच काम करतो."

फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.

शनिवारी ती दोघं आयसेलिनला ओक ट्री रोडवर भेटली. तिथे तेव्हा देशी दुकानं नुकती कुठे उघडायला लागली होती, आणि मिठाईच्या दुकानात उभं राहूनच चहा प्यावा लागे. बाहेर ऑक्टोबरची भुरभुर, ओल्या मेपलच्या पानांचा वास. विनय उंच, जरा वाकून चालणारा. अंगावर वडिलांचा कोट. ढिला होता, हे लगेच दिसत होतं.

तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. अडकित्त्याचा विषय निघाला तेव्हा त्याने कप खाली ठेवला.

"तो बँकेच्या लॉकरमध्ये आहे. आईच्या दागिन्यांबरोबर. मीच ठेवला."

"मी खोटं बोलत नाहीये."

"माहितेय." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "खोटं बोलणारी मुलगी हातावर नंबर लिहून घेऊन फिरत नाही."

तिने घाईघाईने मूठ मिटली. तो हसला, आणि इतकं घाबरलेलं असतानाही मालिनीला ते हसू आवडलं. काय म्हणावं या मनाला!

मग त्याने त्याची गोष्ट सांगितली. दहाव्याचे विधी घरामागच्या अंगणातच केले होते. आई आधीच गेलेली, भाऊबहीण नाही, त्यामुळे सगळं यानेच केलं. पिंड मांडला, कावळे कुंपणावर येऊन ओळीने बसले, पण एकही शिवेना. गुरुजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय, शब्द द्या. जमलेल्या काका-काकूंनी एकेक सुचवलं, आणि शेवटी सगळे म्हणाले, अरे, कारखाना! हेमचंद्रांनी साताऱ्याच्या एमआयडीसीत प्लॉट घेऊन ठेवला होता. वीस वर्षं प्रत्येक पार्टीत ते हेच बोलत होते. तेव्हा विनयने हात जोडून मोठ्याने शब्द दिला, की बाबा, मी परत जाईन, तुमचा कारखाना उभा करीन.

"आणि?"

"कावळे उडून गेले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि डोन्ट वरी म्हणून गाडीत बसले." तो खाली बघत बोलत होता. "मला वाटतं, मी मनापासून बोललो नाही हे बाबांना कळलं. म्हणून आता खरंच जायचं. नोकरीचा राजीनामा दिलाय. थँक्सगिव्हिंगच्या आधी निघतोय."

"पण काका तर म्हणाले, पोराचं मत घे..."

तो पुन्हा हसला, पण हे हसू वेगळं होतं. "माझे बाबा? माझं मत? तिथेच कळतं, की फोनवर दुसरंच कुणीतरी होतं."

मालिनीने चहाचा कप उचलला.

त्यानंतर ती त्याच्या घरी जायला लागली. निमित्त कावळ्याचं. दर शनिवारी दुपारी विनय अंगणातल्या लाकडी बाकावर दही-भात वाढून ठेवायचा, आणि दोघं स्वयंपाकघराच्या पायरीवर चहा घेऊन बसायची. एकच कावळा यायचा. भाताशेजारी बसायचा, मान तिरकी करून आधी विनयकडे, मग तिच्याकडे बघायचा. चोच लावायचा नाही. अंधारायला लागलं की निघून जायचा, आणि सोमवारी ऑफिसच्या तारेवर हजर!

आता यात प्रेम कुठून आलं म्हणाल, तर ते असंच येतं. तो चहात वेलची जास्त घालायचा, तिने दोनदा नाक मुरडलं तर तिसऱ्यांदा मोजून घातली. बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' झालं, कुणी केलं ते कळलंच नाही. एकदा तिच्या केसांत पान अडकलं होतं. ते काढायला त्याने हात उचलला, मग मध्येच थांबला...

"काढू? की 'सांगता येत नाही'?"

"थोडं सहमत," ती म्हणाली.

पान निघालं, पण हात जरा जास्तच वेळ रेंगाळला. त्याच वेळी खालून, बंद बेसमेंटमधून, आवाज आला.

खट्.

दोघंही दचकली. विनय जिना उतरून गेला, ती त्याच्या मागे. खाली काकांची खुर्ची, शालीची घडी, भिंतीशी जुना काळा फोन. तारेचं टोक प्लगमधून काढून गुंडाळून ठेवलेलं. मालिनी बघत असताना तो फोन अर्धा वाजला. घंटेने नुसता श्वास घेतल्यासारखा, टिंग... आणि गप्प. विनयने रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि बराच वेळ धरून उभा राहिला. काही नव्हतं. तिने त्याचा दुसरा हात धरला, आणि वर येईपर्यंत दोघांनीही सोडला नाही.

दिवस भराभर जात होते. घर विकायला काढल्याची पाटी लागली. विनय रोज सकाळी अजून कामावर जायचा, खांबावर चढायचा, तारा जोडायचा. लोकांची बोलणी पुन्हा सुरू करून द्यायला त्याला फार आवडायचं, हे तो सांगायचा तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होई. मग साताऱ्याचं निघालं की तोच चेहरा मिटून जायचा. लायसन कसं काढायचं, कर्ज कुणाकडे मागायचं, कामगारांशी बोलायचं कसं, त्याला काहीच माहीत नव्हतं. सहा वर्षांचा असताना तो इकडे आला होता. साताऱ्यात त्याचा चुलतभाऊ अनिल होता, पंपांतलं सगळं कळणारा, पण प्लॉट काकांनी विनयच्या नावाने ठेवलेला.

सुनेत्राताईला सगळं कळलं होतं. आपल्या बाळाला थोपटत तिने एकदा सरळच म्हटलं, की मुलगा तुला आवडतो, तुझ्याजवळ त्याच्या बापाचा निरोप आहे, मग त्याला थांब म्हणून सांगत का नाहीस?

"कसं सांगू ताई?" मालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "निरोप ऐकलेली मी एकटी. आणि तो थांबला तर फायदा माझाच. आज ऐकेल तो माझं. पण कावळा शिवला नाही तर जन्मभर त्याला वाटेल, की मी बाबांच्या नावाने आपलं साधून घेतलं. मग तो माझ्याकडे कसा बघेल?"

आपली मतं बोलून मालिनीचे हात एकदा पोळले होते. सांगलीच्या बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून सगळे संपाच्या गोष्टी करत होते, तेव्हा ती एकटी म्हणाली होती, येऊ दे की. त्यानंतर डबा खायला तिच्याजवळ कुणी बसेनासं झालं. इथली नोकरी तिला आवडली ती त्यासाठीच. दुसऱ्याला विचारायचं, आपण गप्प बसायचं.

शेवटचा शनिवार आला. मंगळवारी त्याचं विमान होतं. घरात खोकी बांधलेली, भिंती बोडक्या, अंगणात पानं गुडघाभर. विनयने भात वाढला. कावळा आला, बाकाच्या टोकाला बसला. आज कुंपणावर आणखीही होते, बरेच. एकही काव म्हणत नव्हता. एवढे कावळे आणि एवढी शांतता!

"आज गप्प का?" विनयने विचारलं.

"एक काम राहिलंय माझं. तुझी मुलाखत." तिने पर्समधून काही काढलं नाही, प्रश्न तिला पाठच होते. "एक सांगते. उत्तर देताना मला मध्ये आणायचं नाही. मी इथे नाहीच असं समज."

"ते कसं जमेल?"

"जमव."

त्याने खांदे उडवले, पायरीवर नीट बसला. तिने ऑफिसातला आवाज काढला.

"बँका सरकारी झाल्यामुळे सामान्य माणसाचं भलं झालं. सहमत की असहमत?"

"अगदी असहमत," तो ताडकन म्हणाला. "गरज नसलेल्याच्या दारी बँक स्वतः जाते..."

खट्. बेसमेंटमधून, स्पष्ट.

विनय अर्धवट उठला. मालिनी उठली नाही. "हे काकांचं झालं," ती म्हणाली. "ते मी तीनदा ऐकलंय. तुझं सांग."

"माझं...?" तो अडखळला. "मला तिथल्या बँकेत स्लिप कशी भरतात तेही माहीत नाही. सांगता येत नाही."

खालून आवाज आला नाही. कावळा एक उडी पुढे सरकला.

तिने संपाचं विचारलं. त्याने वडिलांसारखं सुरू केलं, मध्येच थांबला, आणि मग म्हणाला, की तीन वर्षांपूर्वी त्यांच्या फोन कंपनीत संप झाला तेव्हा तो सगळ्यांबरोबर रस्त्यावर उभा होता, बाबा आठवडाभर बोलले नव्हते, आणि तरी तो आजही उभा राहील. "अगदी सहमत." हे बोलताना त्याची मान ताठ झाली. कावळा आणखी एक उडी पुढे आला. आता ताटली त्याच्या चोचीजवळ होती.

शेवटच्या प्रश्नाला मालिनीचा ऑफिसातला आवाज तिला दगा द्यायला लागला. तिने जमिनीकडे बघत विचारलं.

"संधी मिळाली तर परत जाऊन धंदा काढाल का?"

वारा पडला होता. कुंपणावरचे सगळे कावळे विनयकडे बघत होते. त्याने तोंड उघडलं, मिटलं. मग अंगातला कोट काढला, घडी करून शेजारी ठेवला.

"नाही," तो म्हणाला. आणि मग बाकाकडे वळून, त्या पक्ष्याकडे बघत, "नाही, बाबा. मला नाही जायचं. कारखाना तुमचा होता, माझा कधीच नव्हता. मी त्या दिवशी खोटा शब्द दिला. प्लॉट अनिलला देतो, तो करेल, त्याला येतं. मला इथे राहायचंय. मला तारा जोडायला आवडतात. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं... तुम्ही विचारलंच नाहीत कधी."

तो रडत होता, आणि पुसतही नव्हता.

कावळ्याने मान तिरकी केली. मग अगदी सावकाश चोच भातात घातली, एक घास घेतला, मान वर करून गिळला. कुंपणावरून एकदम काव काव उठलं, आणि सगळेच्या सगळे खाली झेपावले. ताटली उलटली, भात पानांवर सांडला. दही लागलेल्या चोचींनी त्यांनी भाताचं शीतसुद्धा ठेवलं नाही.

आत, बेसमेंटमध्ये, फोन वाजला. या वेळी पुरता. एकदा, दोनदा...

विनय जागचा हलेना. मग मालिनी गेली. जिना उतरून ती फोनपाशी आली. गुंडाळलेली तार तशीच होती. तिने रिसीव्हर उचलला. "काका, घेतलं मत," एवढंच म्हणाली. पलीकडे विहिरीतली ती पोकळ शांतता होती, तिच्यात कुणीतरी सुटल्यासारखा श्वास सोडला, आणि फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. पहिल्यांदाच. त्यानंतर तो फोन नुसता फोन झाला, थंड आणि जड.

ती वर आली तेव्हा अंगण रिकामं होतं. विनय पायरीवरच होता. डोळे लाल, पण चेहरा उजळलेला. दोघं कान देऊन बसली. खालून काही येत नव्हतं. रस्त्यावरून एक गाडी गेली, शेजारी कुणीतरी पानं गोळा करत होतं.

"मुलाखत संपली?" त्याने विचारलं.

"संपली."

"मग आता तू इथे आहेस ना?"

तिने मानेनेच हो म्हटलं.

"मघाशी तुला मध्ये आणू नको म्हणालीस, म्हणून अर्धंच सांगितलं." तो तिच्याकडे न बघता, उलटलेली ताटली हातात फिरवत बोलत होता. "मला इथे राहायचंय... ते तुझ्याबरोबर. नुसतं शनिवारी नाही, रोज. आता तुझं मत सांग."

"आम्हाला मत द्यायची परवानगी नसते."

"मालिनी. मी विचारतोय."

तिला सांगलीचा रिकामा बाक आठवला, डबा आठवला. मग तिने त्याच्या हातातून ताटली काढून घेतली, बाजूला ठेवली, आणि त्याचा हात आपल्या तळहातावर ठेवला, जिथे तो नंबर लिहिला होता.

"अगदी सहमत," ती म्हणाली. "आणि का, ते ऐक..."

तो ऐकत राहिला. अर्धा तास ती एकटीच बोलत होती.